शिर्डीचा ‘वेडा’ फकीर

आज विजयादशमी. १९१८ साली याच तिथीस, १५ ऑक्टोबर रोजी, श्रीसाईबाबांनी शिर्डीत देह ठेवला. ज्यांच्या समाधीपुढे आम्ही माथा टेकतो, त्यांनाच आरंभी गावाने वेडा फकीर ठरविले होते. रानात बसणाऱ्या त्या तरुणास बायजाबाई मात्र डोईवर भाकरीची पाटी घेऊन शोधीत जात. तो वेडा की सिद्ध, याचा निवाडा होईपर्यंत त्या माउली थांबल्या नाहीत. तो भुकेला आहे, एवढेच त्यांना पुरेसे होते. बाबांनीही त्यांचा पुत्र तात्या यास अखेरपर्यंत माया दिली. शहाणे गाव चुकले, भाकरी चुकली नाही. आज सोने वाटताना दाराशी एखादा भ्रमिष्ट उभा राहिला, तर आम्ही गाव होणार की बायजाबाई?