सायकलवरची फॅनी

गव्हर्नरची मुलगी, डॉक्टरची बायको. घरी बसली असती तरी तिचे काही अडले नसते. पण १८५९ साली अमेरिकेत जन्मलेल्या फॅनी बुलक वर्कमनने नवरा विल्यम याच्याबरोबर सायकलवरून अल्जीरियातील अ‍ॅटलास पर्वत ओलांडला, तोही पायघोळ झग्यात! पुढे स्पेन, मग हिंदुस्थान. आपल्याकडच्या १४,००० मैलांच्या सायकलप्रवासावर दोघांनी मिळून पुस्तक लिहिले. १८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातला उकाडा सोसेना म्हणून ती लडाखकडे गेली आणि तिला हिमालयाचे वेड लागले. सायकल मागे पडली. १९०६ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने नुन-कुनमधील पिनॅकल पीक सर केले. १९१२ मध्ये सियाचेनवर स्त्रियांचा मताधिकार मागणारे वर्तमानपत्र हाती धरून फोटो काढून घेतला.

हमालांशी मात्र या जोडप्याचे कधी पटले नाही. ओझी त्यांच्या पाठीवर आणि पुस्तकांत तक्रारीही त्यांच्याच. माझे वडील हमाली करतात, म्हणून मला हे अधिक लागले असेल.

१९२५ साली फ्रान्समध्ये ती वारली. मृत्युपत्रात अमेरिकेतील मुलींच्या चार महाविद्यालयांना तिने मोठी रक्कम ठेवली होती. ते वाचून माझा राग निम्मा उतरला. निम्मा अजून आहे.