जखमीपर्यंत स्वतः गेलेला डॉक्टर : सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस

हिंगोली : दवाखाना लांब अन् पेशंटची हालत नाजूक, तेव्हा एकेक मिनिट किती मोलाचं असतं, हे सेनगाव-औंढ्याच्या तांड्या-वाड्यांवरच्या लोकांना सांगायची गरज नाही. लढाईच्या मैदानात तर जखमी वाचणार की नाही, हे बहुतेकदा या मिनिटांवरच ठरतं. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांनी हेच ओळखून आयुष्य वेचलं. ९ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनने मदत मागितली अन् काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. यातले चोळकर नागपूरचे. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीनं निघालं. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. तरी कोटणीस मागे फिरले नाहीत.

फौजेच्या वैद्यकीय पथकाचं काम साखळीसारखं चालतं. जखमीला स्ट्रेचरवरून मागे आणायचं, लगेच रक्त थांबवून पट्टी बांधायची, कोणाला आधी घ्यायचं ते ठरवायचं, तातडीचं ऑपरेशन आघाडीजवळच उरकायचं आणि मग पुढच्या उपचाराला मोठ्या दवाखान्यात धाडायचं. एक कडी जरी तुटली तरी माणूस हातचा जातो.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात ही साखळी टिकवणं महाकठीण होतं. रस्ते नाहीत, औषधं अपुरी. सामान खेचरांच्या पाठीवर. शत्रू जवळ आला की अख्खा दवाखाना हलवायचा. गावकऱ्यांच्या घरांतच जखमींची सोय लावायची. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी इथं फिरतं शस्त्रक्रिया पथक उभं केलं होतं. ऑपरेशन करताना बोटाला झालेली जखम चिघळून नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले.

तेच काम कोटणीसांनी पुढं नेलं. १९४० मध्ये एका लढाईत १३ दिवसांत त्यांच्या पथकाकडं ८०० हून जास्त जखमी आले. त्यातल्या ५५८ जणांवर कोटणीसांनी शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा ते शिकलेच होते. तिथल्या पोरांना डॉक्टरकी शिकवू लागले, कारण एकट्या डॉक्टरनं साखळी चालत नसते. परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण कामाच्या ओझ्यानं तब्येत ढासळली होती. अपस्माराचे झटके येत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. लेक तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. पथकातले बाकीचे चौघे मायदेशी परतले, सोलापूरचा हा डॉक्टर मात्र तिकडंच राहिला. शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीस हे नाव घरोघरी पोचलं. जखमी आपल्यापर्यंत येईल म्हणून ते थांबले नाहीत. जिथं डॉक्टर नव्हता, तिथं ते स्वतः गेले.