बिशप डॅनियल कोंबोनी

इटलीच्या उत्तर भागात गार्डा नावाचे एक रमणीय सरोवर आहे. त्याच्या काठी, लिंबांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या लिमोने या गावी १५ मार्च १८३१ रोजी डॅनियल कोंबोनी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील एका धनिकाच्या बागेत माळी होते. त्या घरात आठ मुले जन्मली. पण त्यांतील एकटे डॅनियलच जगले. गरिबीमुळे लहानपणीच ते घर सोडून व्हेरोना येथील धर्मगुरू मात्सा यांच्या विद्यालयात राहू लागले.

आफ्रिकेहून परतलेल्या धर्मप्रचारकांकडून तेथे त्यांनी सुदानची हकिकत ऐकली. माणसांना पकडून बाजारात गुराढोरांप्रमाणे विकले जाते, हे ऐकून त्यांचे मन हेलावले. १८५४ साली ते धर्मगुरू झाले. आफ्रिकेत जाण्याची त्यांना तळमळ होती. परंतु आपल्याखेरीज ज्यांना दुसरे अपत्य नाही, त्या आईबापांना सोडून जावे कसे? अखेर मातापित्यांनीच जड अंतःकरणाने त्यांना निरोप दिला.

१८५७ साली ते सोबत्यांसह निघाले आणि चार महिन्यांनी खार्टूमला पोहोचले. पुढे श्वेत नाईल नदीच्या मार्गाने दक्षिणेस जाऊन ते डिंका लोकांमध्ये राहिले व त्यांची भाषा शिकले. पण तेथील तापाने एकामागून एक सोबती दगावले. १८५८ साली घरी आईनेही डोळे मिटले. कोंबोनी स्वतःही आजारी पडले आणि १८५९ साली त्यांना मायदेशी परतावे लागले.

दुसरा एखादा खचून गेला असता. कोंबोनी मात्र विचार करू लागले. युरोपीय लोकांना आफ्रिकेची हवा मानवत नव्हती. शिक्षणासाठी युरोपात नेलेली आफ्रिकी मुलेही तेथील थंडीने आजारी पडत. मग दोघांनाही मानवेल अशा ठिकाणी विद्यालये काढली तर? तेथे शिकलेले आफ्रिकी शिक्षक, कारागीर व धर्मगुरूच आपल्या देशाचा उद्धार करतील. आफ्रिकेचा उद्धार आफ्रिकेनेच करावा, ही त्यांची योजना १८६४ साली तयार झाली. अनेकांना ती अशक्य वाटली. कोंबोनी देशोदेशी हिंडले, त्यांनी मदत गोळा केली आणि १८६७ साली कैरो येथे कार्याला आरंभ केला. युरोपात शिकलेल्या आफ्रिकी तरुणीच तेथे शिक्षिका झाल्या.

पुढे एल ओबेद येथेही त्यांनी केंद्र उघडले. मुक्त झालेल्या गुलामांसाठी जवळच मालबेस येथे शेतीवर जगणारे गाव वसविले. १८७७ साली ते मध्य आफ्रिकेचे बिशप झाले. त्यानंतर लगेच भयंकर दुष्काळ व रोगराई आली. अनेक सहकारी मृत्युमुखी पडले. तरी ते आपल्या जागेवरून हलले नाहीत. १० ऑक्टोबर १८८१ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, खार्टूम येथे त्यांचे निधन झाले.

थोड्याच वर्षांत सुदानमधील बंडात त्यांची केंद्रे उद्ध्वस्त झाली. त्यांची कबरही सुरक्षित राहिली नाही. परंतु माणसांत पेरलेले बी कोण उपटणार? गुलामगिरीतून निसटून त्यांच्या आश्रयास आलेला सोरूर नावाचा डिंका मुलगा शिकला आणि १८८७ साली धर्मगुरू झाला. २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोंबोनी यांना संतपद दिले. आफ्रिकी माणसाच्या कर्तृत्वावर त्यांनी ठेवलेला विश्वास हेच त्यांचे खरे स्मारक होय.