कै. रघुनाथराव कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना वंदन करणाऱ्या घरांतून त्यांच्या ज्येष्ठ चिरंजीवांचे नाव मात्र पुष्कळ वर्षे हलक्या आवाजातच घेतले जाई. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ सालचा. ते नऊ वर्षांचे असता मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि मुंबईस विल्सन कॉलेजात शिकवू लागले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनला मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. मिशनऱ्यांच्या कॉलेजास हे रुचले नाही व नोकरी सुटली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. स्त्री-पुरुषांच्या शरीरातील भेद, गर्भधारणा, गुप्तरोग, यांवर ते आडपडदा न ठेवता लिहीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. पत्नी मालतीबाईंनी या ओढाताणीच्या संसारात अखेरपर्यंत साथ दिली.

न बोलण्याची किंमत कोण देते, हे येथे पाहण्यासारखे आहे. स्त्रीच्या बीजांडात एक्स हेच गुणसूत्र असते. पुरुषाच्या शुक्रजंतूंपैकी काहींत एक्स, काहींत वाय. वायवाला जंतू बीजांडास मिळाला तर मुलगा, एक्सवाला मिळाला तर मुलगी. पोळ्याला आपण ज्यांना पुजतो त्या बैलांचा व गोठ्यातील गाईंचा न्यायही हाच. या ज्ञानाचा पाया नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने १९०५ साली किड्यांच्या अभ्यासातून घातला. तरीही मुलीवर मुली झाल्या की बोल लागतो तो सुनेला. पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्यांच्या बागाइतात काय, की आपल्या संस्थानी शहरांच्या वाड्यांत काय, हा बोल मराठी घरांस अपरिचित नाही. गर्भलिंग तपासून मुली नाहीशा करणे थांबावे म्हणून १९९४ साली कायदा करावा लागला. बेसूर गाणाऱ्याने तंबोऱ्यास दोष द्यावा, तसाच हा प्रकार.

रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले, आणि त्यांच्याबरोबर मासिकही सरले. वयोवृद्ध वडिलांना पुत्रवियोग पाहावा लागला. १९५८ साली महर्षींस भारतरत्न मिळाले. पुत्राच्या वाट्यास असा मान आला नाही. २००१ साली अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट त्यांच्यावर काढला, तेव्हा नव्या पिढीस त्यांची ओळख झाली. घरात नात जन्मली असता सुनेकडे तिरप्या नजरेने कोणी पाहिले नाही, तर रघुनाथरावांचे श्रम त्या घरापुरते तरी फळास आले म्हणावे.