वर्गणीतून आलेले पदक

माझा आवडता खेळाडू म्हणजे पैलवान खाशाबा जाधव. मी त्यांना पाहिलेले नाही. माझ्या जन्माच्या खूप आधी ते वारले. पण गुरुजींनी त्यांची माहिती सांगितली तेव्हा सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. म्हणून मी ती लिहीत आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडिलांचे नाव दादासाहेब. तेही पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. ते अंगाने लहानखुरे होते, पण लई चपळ. कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या जाण्याचा खर्च केला. खाशाबांची सवय तांबड्या मातीची आणि तिथे कुस्ती गादीवर. नियमही निराळे. तरी त्यांचा सहावा नंबर आला. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर खूश झाला असता. खाशाबांनी मात्र पुढच्या ऑलिंपिकसाठी जोर-बैठका आणखी वाढवल्या.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशात हेलसिंकी शहरात होते. तिथे जायला पैसे नव्हते. खाशाबा पैसे गोळा करायला दारोदार फिरले. गोळेश्वरच्या लोकांनी आणि ओळखीच्या माणसांनी जमेल तसे दिले. आमच्या गावात जत्रेला वर्गणी काढतात ना, तशीच ही वर्गणी, पण एका पैलवानासाठी. तरीही पैसे कमी पडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि ७००० रुपये दिले. मला हे ऐकून नवल वाटले. पैलवान हरला असता तर घराचे काय झाले असते? पण खर्डीकरांचा आपल्या विद्यार्थ्यावर विश्वास होता.

हेलसिंकीला खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात उतरले. कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पैलवानांना त्यांनी हरवले. जपानच्या इशी नावाच्या पैलवानाशी त्यांची फार वेळ झुंज चालली. त्यात ते हरले. तो इशीच पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. असे सांगतात, की त्या कुस्तीनंतर खाशाबांना विसावाही न देता रशियाच्या पैलवानाशी लढायला लावले. त्यांच्या बाजूने बोलायला तिथे आपले कोणीच नव्हते. तरी खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पुढचे मिळायला १९९६ साल उजाडले. ते टेनिसमध्ये लिएंडर पेस यांनी आणले. मी वजाबाकी करून पाहिली, मधे ४४ वर्षे गेली.

परत आल्यावर गावाने त्यांची बैलगाड्यांतून मोठी मिरवणूक काढली. पण खाशाबा नुसते हार घालून घेत बसले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून खर्डीकरांचे घर सोडवले. मला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांना २००० सालचा मिळाला, पण तो घ्यायला ते नव्हते. पुढे दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले.

आता खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण या मोठ्या खेळाडूंनी २००१ साली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट नावाची संस्था काढली. ती नफा घेत नाही. लोकांनी दिलेल्या देणगीतून खेळाडूंना प्रशिक्षक, डॉक्टर आणि खेळाचे सामान देते. मेरी कोम आणि सायना नेहवाल यांना तिने मदत केली. म्हणजे गोळेश्वरच्या वर्गणीसारखेच काम, पण सगळ्या देशासाठी.

आमच्या वर्गातही जोरात पळणारी मुले-मुली आहेत. पालकांनो, तुमच्या गावातले कोणी पुढे जिल्ह्याला, राज्याला खेळायला निघाले, तर त्याला नुसती शाबासकी देऊ नका. एसटीचे भाडे आणि पायांत बूट पण द्या.