देवाला दाखला कशाला?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे आहे. तिथल्या पैस खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, हे वारकऱ्याच्या लेकरालाही ठाऊक आहे. पण सांगणारी मूर्ती केवढी? जन्म शके ११९७ चा धरला तर शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, अवघी पंधरा वर्षांची!

त्या पंधरा वर्षांत काय काय सोसलं! वडील विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संन्यास सोडून संसारात आले, म्हणून चारी भावंडं संन्याशाची पोरं ठरली. मायबापांनी देह टाकला, तरी मुंजीला कोणी तयार होईना. पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणाले. लेकरं पायी गेली, आम्हालाही माणसांत घ्या, एवढ्याचा दाखला मागायला. रेड्यामुखी वेद वदविले ती कथा तिथलीच.

हे ध्यानात ठेवून अमृतानुभव वाचावा. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने केलेला हा माउलींचा स्वतंत्र ग्रंथ. प्रकरणे १०, ओव्या ८०० वर. माउलींच्या आधी सुमारे तीनशे वर्षं मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर युक्तीने सिद्ध केला होता. मडकं आहे तर कुंभार असलाच पाहिजे. जगही तसंच कार्य, त्याला कर्ता हवा. युक्ती वाईट नाही. पण माउली त्या वाटेने गेले नाहीत.

ज्याच्या उजेडात पुरावाच दिसतो, त्याला पुरावा कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. पेन्शनवाला म्हातारा साहेबासमोर उभा असतो, तरी त्याला हयातीचा दाखला मागतात, तशातली गत! सगळं शून्य म्हणाल, तर ते शून्य जाणणारा उरतोच. सहाव्या प्रकरणात शब्दाचंही खंडन केलं. आणि तिसऱ्यात तर केवढं धीट बोलणं! शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं म्हणून आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी न सांगितलं तरी ते तसंच आहे.

मग भजन कशाला, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर नवव्या प्रकरणात आहे. एकाच डोंगरात देव, देऊळ आणि परिवार कोरावा, तशी ही भक्ती. दोन झाल्यावाचून भक्ती होत नाही हा आपला समज माउलींनी तिथे काढून टाकला.

पुढे शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, १२९६ साली, ते आळंदीला समाधिस्थ झाले. वय एकवीस.