न उघडलेली तार

बँकेत नुकताच लागलो होतो तेव्हाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत डबा भराभर संपवायचा आणि उरलेल्या वीस मिनिटांत फोर्टातल्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची, हा माझा नाद होता. तिथेच एकदा हाइनरिश झिमर या जर्मन पंडिताचं भारतीय कलेतल्या प्रतीकांवरचं पुस्तक हाती लागलं. नटराजाविषयी इतक्या जिव्हाळ्यानं लिहिणारा हा माणूस आयुष्यात कधी भारतात आलाच नव्हता, हे पुढे कळलं. मग त्याच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता त्याच्या सासऱ्यापाशी जाऊन पोहोचलो. हा सासरा म्हणजे व्हिएन्नाचा नाटककार ह्यूगो फॉन हॉफमन्स्थाल. जावई बाजूला राहिला आणि सासऱ्यानं माझा हात धरला, तो आजतागायत सोडलेला नाही.

त्याचं एक कारण थोडं घरगुती आहे. हॉफमन्स्थालचे वडील बँकेत अधिकारी होते. घराणं तसं मोठं. पणजोबा इसाक लोव्ह हॉफमन हे ज्यू व्यापारी, त्यांना १८३५ साली सम्राटानं सरदारकी दिली. नावातलं ते ‘फॉन’ तेव्हाचं. आजोबांनी मिलानच्या कॅथलिक मुलीशी लग्न केलं आणि धर्मही तिचाच घेतला. पैसा मात्र तिसऱ्या पिढीच्या हातात राहिला नाही. व्हिएन्नात मोठं जागतिक प्रदर्शन सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि ९ मे १८७३ ला, शुक्रवारी, तिथला शेअर बाजार कोसळला. वडिलांचं नुकतंच लग्न झालेलं. घरची बरीचशी मालमत्ता बुडाली आणि सरदारांच्या या नातवाला पगारावर संसार करावा लागला. वर्ष व्हायच्या आत, १ फेब्रुवारी १८७४ ला, ह्यूगो जन्मला. एकुलता एक. आपण मिळवू शकलो नाही ते सगळं मुलाच्या पदरात घालायचं, हे पगारदार बापाचं गणित जगात सगळीकडे सारखंच असावं. मी स्वतः त्यातून गेलो आहे.

मुलगा विलक्षण निघाला. शाळकरी मुलांना स्वतःच्या नावानं लेख छापायला बंदी होती, म्हणून तो ‘लोरिस’ या टोपणनावानं लिहू लागला. लिखाण इतकं पक्व की समीक्षक हेर्मान बाहर याला हा लेखक मध्यमवयीन, जग पाहिलेला गृहस्थ वाटला होता. कॅफे ग्रीनश्टाइडलमध्ये समोर प्रत्यक्षात एक शाळकरी पोर येऊन उभं राहिलं. ‘मूर्ख आणि मृत्यू’ ही पद्यनाटिका त्यानं लिहिली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. जर्मन कवी श्टेफान गेओर्ग तर त्याच्या इतका मागे लागला की मुलगा घाबरून गेला आणि शेवटी वडिलांना मध्ये पडावं लागलं.

१९०१ साली त्यानं विद्यापीठातल्या नोकरीचा नाद सोडला, गेर्टी श्लेसिंगर हिच्याशी लग्न केलं (सासरेही बँकेतलेच!) आणि व्हिएन्नाबाहेर रोडाउन इथल्या एका जुन्या, टुमदार घरात बिऱ्हाड थाटलं. क्रिस्टियाने, फ्रान्झ आणि राइमुंड अशी तीन मुलं झाली.

आणि नेमक्या याच सुखाच्या दिवसांत, १९०२ साली, बर्लिनच्या एका दैनिकात त्यानं एक काल्पनिक पत्र प्रसिद्ध केलं. चांडोस नावाचा तरुण इंग्रज उमराव तत्त्वज्ञ बेकनला कळवतो आहे की, आता माझ्यानं लिहवत नाही, मोठमोठे शब्द तोंडात घेतले की कुजक्या अळंब्यांसारखे विरघळतात. माझी तिसरी कादंबरी चार वर्षं अडून बसली होती त्या काळात हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. ज्याला सतराव्या वर्षी शब्द वश होते, त्याला अठ्ठाविसाव्या वर्षी शब्दांचा भरवसा उरला नव्हता. पुढे त्यानं शुद्ध भावकविता जवळजवळ थांबवलीच. तो वळला रंगभूमीकडे, जिथे शब्दाच्या मदतीला नट असतो, प्रकाश असतो आणि पुढे पुढे संगीतही.

१९०३ साली माक्स राइनहार्टनं बर्लिनमध्ये त्याचं ‘एलेक्ट्रा’ सादर केलं. संगीतकार रिचर्ड स्ट्राउसनं ते पाहिलं आणि त्याची संगीतिका करायची ठरवली. ती १९०९ साली ड्रेस्डेनमध्ये झाली. तिथून सुरू झालेली भागीदारी वीस वर्षं टिकली, सहा संगीतिका झाल्या. वीस वर्षांत दोघं ‘अहो-जाहो’वरून ‘अरे-तुरे’वर कधी आले नाहीत. एक बव्हेरियाचा धट्टाकट्टा, पत्ते कुटणारा, घड्याळाच्या काट्यावर काम करणारा. दुसरा इतका हळवा की हवेचा दाब बदलला तरी याचं लेखन थांबे. बहुतेक काम पत्रांतून चाले. स्ट्राउस ठणकावून विनोद मागे, अधिक नाट्य मागे, आणि हॉफमन्स्थाल दुखावून लांबलचक उत्तर लिही. मला मात्र त्या पत्रव्यवहारात त्याचा मोठेपणा दिसतो. रुसतो आणि दुसऱ्या दिवशी बसून अंक पुन्हा लिहून काढतो. संगीताला जागा हवी म्हणून स्वतःची सुंदर ओळ कापणं किती जड जातं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

या जोडीचं सर्वांत लाडकं अपत्य म्हणजे ‘डेर रोझेनकावालिअर’. कथानकाचा आराखडा त्यानं मित्र हारी केसलरबरोबर बसून रचला होता. २६ जानेवारी १९११ ला ड्रेस्डेनमध्ये पहिला प्रयोग झाला आणि पुढे तो पाहायला बर्लिनहून खास आगगाड्या सुटत. त्यात एक सरदारपत्नी आहे. तिचा सतरा वर्षांचा प्रियकर आज ना उद्या तरुण मुलीकडे जाणार, हे तिला आधीच कळलेलं असतं. काळ पुढे सरकतो म्हणून ती रात्री उठून घरातली घड्याळं बंद करते, आणि वेळ येते तेव्हा गाजावाजा न करता बाजूला होते. हे लिहिणारा माणूस छत्तिशीच्या आत-बाहेरचा होता!

महायुद्धानंतर पाच कोटींचं साम्राज्य पासष्ट लाखांच्या देशापुरतं उरलं. त्या उद्‌ध्वस्त दिवसांत राइनहार्ट, स्ट्राउस आणि इतरांबरोबर त्यानं साल्झबुर्गचा नाट्यसंगीत महोत्सव उभा केला. २२ ऑगस्ट १९२० ला कॅथीड्रलसमोरच्या चौकात त्याचं ‘येडरमान’ झालं. श्रीमंत माणसाला मृत्यूचं बोलावणं येतं, सोबत कोणी यायला तयार होत नाही. तो पैशाची पेटी तरी बरोबर घेऊ म्हणतो, तर पेटीतून धनदेवता उभी राहते आणि धनी मी होते, तू माझा नोकर होतास, असं त्याला ऐकवते. तिजोरीच्या किल्ल्या वर्षानुवर्षं कमरेला बाळगलेल्या मला हा प्रवेश विशेष भावतो. नाझी काळ सोडला तर हे नाटक साल्झबुर्गला बहुतेक दर वर्षी होत आलं आहे.

१९२९ च्या जुलैत तो स्ट्राउससाठी ‘अराबेला’ लिहीत होता. पहिला अंक पुन्हा नीट करून त्यानं १० तारखेच्या सुमारास धाडला. १३ तारखेला रोडाउनच्या घरात फ्रान्झनं आत्महत्या केली. वय पंचवीस. १५ तारखेला अंत्यविधी होता. मुलाला पोहोचवायला निघण्याची तयारी करत असतानाच बापाला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच दिवशी तो गेला. वय अवघं पंचावन्न. पहिला अंक उत्तम जमला आहे, आभार आणि अभिनंदन, अशी स्ट्राउसची तार घरी आलेली होती. ती त्यानं उघडलीच नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा मुलगा नोकरी सोडून घरी बसलेला होता आणि आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं. पुस्तक मिटून मी त्याच्या खोलीत गेलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुधा जेवण झालं का, एवढंच विचारलं असेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला. ‘येडरमान’ महोत्सवातून हद्दपार झालं. गेर्टीबाई इंग्लंडला गेल्या आणि ऑक्सफर्डला राहिल्या. क्रिस्टियानेमुळे झिमरला हायडेलबर्गमधलं अध्यापन गमवावं लागलं. तो ऑक्सफर्डमार्गे अमेरिकेत पोहोचला आणि १९४३ साली तिथेच वारला. फुटपाथवरचं माझं पुस्तक जोसेफ कॅम्पबेलनं त्याच्या मागे त्याच्या टिपणांवरून सिद्ध केलेलं होतं.

‘अराबेला’ १९३३ च्या १ जुलैला ड्रेस्डेनमध्ये झाली. पहिला अंक लेखकाच्या हातून घोटून निघालेला होता. दुसरा आणि तिसरा तसा नव्हता. वीस वर्षं हक्कानं बदल मागणाऱ्या स्ट्राउसनं ते दोन अंक जसे हाती आले होते, जवळपास तसेच संगीतात बसवले.